काठावरचे दिवे

पाण्याच्या आत दिवा लागला की काठ दिसेनासा होतो. पोहण्याचा तलाव निळा आणि उजळ दिसतो, आणि त्या उजेडापुढे भोवतीची फरशी आणखी काळी पडते. आमच्यापैकी कोणाला हे आधी माहीत नव्हतं. मुरबाड-धसई रस्त्यालगत ताईच्या सासरची जागा आहे. तिथे एका वाढदिवसाच्या संध्याकाळी ते कळलं.

दोन हजारनंतरची वर्षं होती. मी ज्या दैनिकात होतो तिथे आम्ही भारनियमनाचं वेळापत्रक छापायचो आणि वीज त्याप्रमाणे जायची नाही. त्या संध्याकाळी अंधारून येत असताना ती गेली. जनरेटर चालू झाला. तलावाचा पंप आणि पाण्यातले दिवे आपोआप परत सुरू झाले, कारण ते दोन्ही तलावाच्या पॅनेलवर होते. बागेतल्या दिव्यांचे स्विच मात्र वेगवेगळ्या जागी होते. ते एकेक करून जनरेटरकडे फिरवायला कोणी जाईपर्यंत बाग अंधारात राहिली. पाहुण्यांपैकी एक वयस्कर बाई निळ्या पाण्याकडे बघत चालत होत्या. त्यांचा पाय काठाच्या पलीकडे पडला, तोही खोल बाजूला. ताईच्या हातात आधी त्यांचा पदर आला, मग दंड. बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या.

“मला वाटलं अजून जमीन हाये,” त्या म्हणाल्या.

ताई हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिने मला एवढंच सांगितलं, “पाणी दिसतं तवा काठ पण दिसला पायजे. एका बटनावर.”

तलाव तिच्या सासरच्यांनी बांधलेला नव्हता. मुंबईच्या एका माणसाने ती जागा काही वर्षांच्या कराराने घेतली होती. त्याने तलाव खोदला, हिरवळ लावली, दोन खोल्या बांधल्या आणि परदेशी बनावटीचं एक पॅनेल बसवलं. पंप कधी चालायचा, पाण्यातला दिवा कधी लागायचा, हे ते पॅनेल ठरवत असे. गावात त्याला कॉम्प्युटर म्हणत. विजेच्या जाण्यायेण्याला कंटाळून तो माणूस निघून गेला आणि करार संपल्यावर जागा तलावासकट घरच्यांच्या ताब्यात आली.

पुढे काय करायचं यावर घरात दोन मतं होती. ताईच्या थोरल्या दिरांचं मत जागा विकण्याचं. डोंबिवलीची एक पार्टी तयार होती. ताईचं मत तलाव चालवण्याचं. दिवसाच्या सहली, वाढदिवस, घरगुती समारंभ. ताईचे यजमान रेल्वेत कसाऱ्याला नोकरीला. पाळी संपली की घरी यायचे आणि बायकोच्या बाजूने असले तरी भावासमोर बोलायचे नाहीत. निर्णय सासऱ्यांचा होता. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी मे महिन्यापर्यंत थांबायचं ठरवलं. मे महिन्यात कल्याणच्या एका कुटुंबाचा साखरपुडा तलावाच्या काठावरच्या हिरवळीवर ठरला होता, संध्याकाळचा. तो नीट पार पडला तर जागा राहील, नाही तर पार्टीला होकार जाईल. आबांनी हे जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं आणि भाकरी मोडली.

मी तेव्हा कल्याणला एका दैनिकात उपसंपादक होतो. आमचं घर, म्हणजे ताईचं माहेर, शहापूरला, पण सुटीच्या दिवशी मी शहापूरपेक्षा ताईकडेच जास्त जात असे. पॅनेलचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकात लिहिलेलं काम अवघड नव्हतं. पॅनेलवर पंपाचं एक बटण, पाण्यातल्या दिव्यांचं एक, आणि काही बटणं मोकळी होती. मोकळ्या बटणावर बागेतले दिवे घेता येत होते. पॅनेलने थेट दिव्यांचा भार उचलायचा नाही. त्याने फक्त एका कॉन्टॅक्टरला इशारा द्यायचा आणि कॉन्टॅक्टरने दिवे लावायचे. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये असतो तोच हा भाग, त्यामुळे मुरबाडच्या वायरमनला तो नवा नव्हता.

बागेतल्या दिव्यांच्या तीन लाइनी होत्या. एक हिरवळीची, एक तलावाकडे उतरणाऱ्या पायवाटेची. या दोन्ही मुंबईच्या माणसाने जमिनीखालून केबल टाकून केल्या होत्या. तिसरी फाटकाकडच्या रस्त्याची. ती आबांनी स्वतः फार आधी केली होती, आंब्याच्या झाडांवरून वायर नेऊन. वायरमनने तिन्ही लाइनी कॉन्टॅक्टरवर आणल्या. त्याचं काम स्वच्छ असे. वायरींना त्याने रंगीत टेप लावली, बॉक्सचं झाकण कपड्याने पुसलं आणि ताईला म्हणाला, “दाबा वहिनी. तुमच्या हातानं.”

ताईने बटण दाबलं. कॉन्टॅक्टर खटकन बसला, बाग क्षणभर उजळली आणि सगळं बंद पडलं. दिवे गेले, तलावाचा पंपही थांबला.

पॅनेलच्या वर ईएलसीबी नावाचा एक स्विच होता. वीज एका वायरने जाते आणि दुसरीने परत येते. गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे वाटेत कुठे पाण्यात, जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून गेली, तर हा स्विच स्वतःहून पडतो. तलावासाठी तो सक्तीचा आहे असं पुस्तकात जाड अक्षरात होतं. वायरमनने तो परत वर केला. ताईने बटण दाबलं. स्विच पडला.

“ही मशीन नाजूक हाये,” वायरमन म्हणाला. “तिकडच्या हवेची. आपल्याकडं टिकत नाय.”

त्याने कल्याणहून नवा ईएलसीबी आणून बसवला. तोही पडला. मग त्याने खिशातून वायरचा एक छोटा तुकडा काढला आणि तो बोटांत फिरवत म्हणाला, “वहिनी, हा स्विच सरळ बायपास करू. एवढा तुकडा टाकला की विषय संपला. मी कितीक ठिकानी केलंय. कोनाची तक्रार नाय.”

“तक्रार करायला मानूस राहायला पायजे ना भाऊ,” ताई म्हणाली.

“असं कसं बोलता? मी हाय ना जबाबदार.”

“तू मुरबाडला असशील. पान्यात लोकांची पोरं असतील.”

थोरले दीर ओट्यावर बसून हे ऐकत होते. धाकट्या भावाच्या बायकोशी ते सहसा थेट बोलत नसत, मला मध्ये घालून बोलत.

“पावनं,” ते म्हणाले, “तुमच्या पेपरात छापा. बागेत दिवा लावायला इंग्रजी बुक लागलं. आमच्या बापानं बिनबुकाचे लावले, ते अजून जळतात.”

“जळतात ना,” ताई मला म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशी. “त्यांना सांग, जळतात तेच बघतेय मी.”

वायरमनला दुसरीकडे काम होतं. बायपास करायचा निर्णय झाला की निरोप द्या, असं सांगून तो गेला. ताईने निरोप पाठवला नाही. पुढच्या सुटीला मी गेलो तेव्हा तिने पुस्तक काढून ठेवलं होतं. स्विच वारंवार पडत असेल तर काय करावं, ते पान मी तिला वाचून दाखवलं. सगळ्या लाइनी सोडवा, मग एकेक जोडून पाहा. कोणत्याही कारणाने हा स्विच टाळू नका.

“मग बसलोय कशाला?” ती म्हणाली.

मुख्य स्विच बंद केला. तिने तिन्ही लाइनी कॉन्टॅक्टरमधून सोडवल्या. हिरवळीची जोडली, मुख्य स्विच चालू केला, बटण दाबलं. दिवे लागले आणि लागलेले राहिले. परत मुख्य स्विच बंद करून पायवाटेची जोडली. तीही टिकली. फाटकाची जोडली आणि ईएलसीबी पडला. परत सोडवली, स्विच वर केला, परत जोडली. परत पडला. तिने स्क्रूड्रायव्हर पदराला पुसला.

“आबांचीच लाइन,” ती म्हणाली.

ती सोडून द्यावी असं मी सुचवलं. फाटकाचे दिवे पूर्वीसारखे शेताच्या पंपखोलीतून लावता आले असते. तिने ऐकून घेतलं, पण बॉक्सचं झाकण लावलं नाही.

“बाकी दोन टिकल्या, ही नाय टिकत. म्हंजे हिच्यातली वीज कुटंतरी जाते. कुटं जाते ते बघितल्याबिगर पाहुन्यांना त्याच वाटेनं आनू?”

मुख्य स्विच बंद ठेवून आम्ही फाटकापासून वायर पाहत निघालो. आंब्याच्या फांद्यांवरून, जुन्या खांबांवरून ती पंपखोलीपर्यंत येत होती. दिव्यांच्या वायरीची एक बाजू पूर्वी पंपाच्या स्टार्टरच्या एका फेजला होती. वायरमनने ती तिथून काढून कॉन्टॅक्टरवर आणली होती. दुसरी बाजू भिंतीच्या भोकातून बाहेर पडत होती. बाहेर बोअर होती. बोअरच्या लोखंडी केसिंगला एक गंजलेला क्लॅम्प आवळलेला होता, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, आणि वायर त्याच्या आत जात होती.

बाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगणं भाग आहे. आमच्याकडे शेतीपंपाला तीन फेजच्या तीन वायरी येतात. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, येत नाही, पंपाला तो लागतही नाही. पण पंपाच्या खोलीत एक बल्ब हवाच असतो, साप-विंचू दिसायला. बल्बला दुसरी वायर कुठून आणायची? ती केसिंगला बांधतात. लोखंडी पाइप जमिनीत खोल गेलेला असतो, वीज जमिनीतून परत जाते आणि बल्ब लागतो. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत मी तोवर अशा कितीतरी खोल्या पाहिल्या होत्या आणि त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. ती बातमी वाटली नव्हती. वायरमननेही ते पाहिलं होतं. त्याने लपवलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलं नाही, इतकंच. दिव्याला दोन वायरी होत्या आणि दिवा लागत होता. ईएलसीबीच्या हिशेबात मात्र फाटकाच्या दिव्यांना दिलेली सगळी वीज हरवत होती.

ताई केसिंगकडे बघत उभी राहिली. मग बोअरच्या नळाकडे वळली. तिथे घरातल्या बायका हंडे भरायच्या.

“उन्हाळ्यात हा नळ चावतो,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“ओले पाय असले नि नळाला हात लावला तर मुंग्या येतात. सासूबाई म्हनायच्या, चप्पल घालून जा गो, बोअर चावते. मी पन नव्या चुलत जावेला तेच सांगितलं. पावसाळ्यात नाय चावत.” तिने फाटकाकडे पाहिलं. “फाटकाचे दिवे चालू असतील तवाच चावत असनार. आमी कदी ताळमेळ घातला नाय.”

पावसाळ्यात जमीन ओली असते आणि वीज सहज निघून जाते. एप्रिल-मेमध्ये मुरूम सुकून खडखडीत होतो, वीज पाइपातच अडते आणि ज्याचे पाय ओले त्याच्यातून वाट काढते. त्याच बोअरमधून लोखंडी पाइप तलाव भरायला जात होता. त्या पाइपाचं तोंड तलावाच्या पायऱ्यांजवळ होतं, धरायच्या लोखंडी दांडीला लागून. बायपासचा तुकडा टाकला असता तर फाटकाचे दिवे लागले असते आणि साखरपुड्याला कोणी तरी ओल्या हाताने ती दांडी धरली असती.

आता हे आबांना सांगायचं होतं. फाटकाचे ते दिवे त्यांनी धाकट्या मुलीच्या हळदीला लावले होते. नवरदेवाकडच्या गाड्या अंधारात फाटक चुकतात असं कोणीतरी आधी म्हणालं होतं, म्हणून. गावात त्यापूर्वी रस्त्यावर दिवे नव्हते. ती हळद लोक त्या दिव्यांवरून ओळखत. ताईने सासऱ्यांना त्यांचं काम चुकलं असं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, आणि त्या दिवशीही म्हटलं नाही. वायरमनला बोलावून घेतलं, आबा ओट्यावर असताना त्याला बोअरजवळ उभं केलं आणि मोठ्याने विचारलं, “भाऊ, फाटकाचे दिवे चालू कर नि टेस्टर लाव इथं. सगळ्यांना दिसेल असं.”

वायरमनने लाइन तात्पुरती पुन्हा स्टार्टरवर टाकली, पूर्वी होती तशी. फाटकाचे दिवे लागले. त्याने टेस्टर केसिंगला टेकवला. टेस्टरमधला छोटा दिवा पेटला. त्याने तो नळाला टेकवला. पेटला. तलावाच्या पायऱ्यांजवळच्या पाइपाला त्याने स्वतःहून टेकवला, ताईने न सांगता. तिथेही तो मंद पेटला.

“च्यायला,” तो म्हणाला आणि आबांकडे बघून जीभ चावली.

आबा खाली आले. त्यांनी टेस्टर स्वतःच्या हातात घेतला, नळाला लावला, काढला, परत लावला.

“हे केसिंगच्या वायरीनं?” त्यांनी विचारलं.

वायरमनने मान हलवली. ताई वायरमनकडे बघून म्हणाली, “तवा न्यूट्रल नव्हतीच आनायला. दुसरं कोन काय करनार होतं?”

आबांनी टेस्टर परत दिला. “बंद कर,” ते वायरमनला म्हणाले. वीज बंद झाल्यावर त्यांनी पाना मागितला. क्लॅम्पचा बोल्ट गंजला होता; त्यांनी तो कोणाला हात लावू न देता सोडवला. मग सुनेकडे बघितलं. “तुझी सासू सांगायची, बोअर चावते. मी म्हनायचो, बायकांची नाटकं.” एवढं बोलून ते पहार आणायला गेले.

खरं काम आता होतं. पॅनेलच्या बॉक्सपासून फाटकापर्यंत जमिनीखालून दोन वायरींची, पत्र्याच्या कवचाची केबल टाकायची, म्हणजे फाटकाच्या दिव्यांना स्वतःचा न्यूट्रल मिळेल. त्यासाठी चर खणायचा, तोही मे महिन्यातल्या मुरमात. पहार मारली की ठिणगी उडायची. थोरल्या दिरांचा ट्रॅक्टर होता, पण तो त्या दिवसांत दुसऱ्या कामात होता, निदान त्यांनी तसं सांगितलं. आबा, ताई आणि कसाऱ्याहून पाळी करून येणारे तिचे यजमान खणत होते. मी सुटीच्या दिवशी खणलं आणि हाताला फोड घेऊन कामावर गेलो. सकाळी लवकर सुरुवात, ऊन चढलं की थांबायचं, उतरलं की परत. ताई रोज आदल्या संध्याकाळी चरात पाणी सोडून ठेवायची, मुरूम थोडा मऊ व्हावा म्हणून. थोरले दीर येता-जाता थांबत.

“पावनं, तुमची ताई भातसा धरनाचा कालवा खनते का काय?”

“भातसाचं पानी मुंबईला जातं,” चरातून ताई म्हणाली. “हे आपल्याच फाटकाला जायचंय.”

ते पहिल्यांदा हसले, पण ट्रॅक्टर आला नाही.

साखरपुड्याच्या आधी केबल टाकून झाली. तिच्यावर विटांचा एक थर दिला, वर माती. वायरमनने तिन्ही लाइनी परत कॉन्टॅक्टरवर घेतल्या. ताईने बटण दाबलं. हिरवळ, पायवाट, फाटक एकदम लागले. ईएलसीबी वर राहिला. ताईने त्यानंतर त्याच्यावरचं चाचणीचं छोटं बटण दाबून तो मुद्दाम पाडला, पडतो याची खात्री केली आणि परत वर केला. मग वायरमनला जवळ बोलावून तिने त्याच्याकडूनही तसंच करवून घेतलं.

साखरपुड्याला कल्याणहून गाड्या आल्या. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले गेले, फोटो चालू होते. मुलं पाण्यात होती, तलावाच्या काठावर बायका पाय सोडून बसल्या होत्या. आणि वीज गेली. मांडवात ओळखीचा एक “अरे” उमटला. ताई तलावाजवळ होती. ती ओरडली, “पोरांनो, हाय तिथंच थांबा, दांडी धरा.” ताईच्या यजमानांनी जनरेटरचं हँडल फिरवलं. त्याने दोनदा खोकून तिसऱ्यांदा जीव धरला. पाण्यातले दिवे लागले आणि त्याच क्षणी काठ, पायवाट, हिरवळ, लांब फाटकापर्यंतचा रस्ता सगळं दिसायला लागलं. एक लहान मुलगी दांडी धरून पायऱ्या चढली आणि टॉवेल मागत आईकडे गेली. पाहुण्यांपैकी कोणी दिव्यांबद्दल काही बोललं नाही. त्यांना त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

आबा फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते. थोरले दीर त्यांच्याजवळ उभे होते. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा आबा त्यांना सांगत होते, “पार्टीला सांग, जागा नाय द्यायची.”

“याच वर्षी का कायमची?”

“ती चालवते तवर.”

दिरांनी रस्त्याकडे बघितलं. गाड्या रस्त्याच्या कडेला एकामागे एक लागल्या होत्या, शेवटची पार वळणावर. मग ते माझ्याकडे वळले.

“पावनं, तुमच्या ताईला सांगा, पुढच्या टायमाला गाड्या माझ्या खळ्यात लावायच्या. रस्त्यावर लावल्या तर एसटीवाला शिव्या घालतो.”

मी निरोप ताईला दिला. ती ओल्या फरशीवरून कोणी घसरू नये म्हणून फडका फिरवत होती.

“खळ्यात दिवा हाये का?” तिने विचारलं.

“तिथल्या पंपखोलीवर एक बल्ब आहे.”

“त्याची दुसरी वायर कुटं बांधलीय ते आधी बघून ये,” ती म्हणाली.